कोल्हापुरी चपलेचा दुसरा कारागीर

कोल्हापुरी चप्पल म्हटली की तिची वेणी, तिचे दोन कान आणि नव्या जोडाची ती करकर आपणांस आठवते. ती शिवणारा चर्मकारही आपल्या ओळखीचा असतो. परंतु त्याच्याकडे येण्यापूर्वी कातडे ज्याच्या हातून जाते, त्या ढोर समाजातील कातडी कमावणाऱ्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे. कारण या घरगुती धंद्याचे भवितव्य चपलेच्या घाटापेक्षा त्याच्या हौदावर अधिक अवलंबून आहे, असे मला वाटते.

कच्चे कातडे प्रथम भिजवून चुन्याच्या हौदात घालावयाचे. केस सैल झाले म्हणजे खरवडावयाचे. चुना धुऊन टाकावयाचा. पुढे बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात ते मुरत पडते. जुन्या रीतीत तर कातड्याचीच पिशवी शिवून तीत साल व हिरडा भरीत, ती टांगीत आणि झिरपलेले पाणी पुनःपुन्हा वरून ओतीत. या साऱ्यास कित्येक आठवडे लागतात. सालीतील तुरट द्रव्य तंतूतंतूंत भिनते आणि तळ असा टणक होतो की, त्यास खिळा लागत नाही. कातड्याच्याच वादीने तो शिवता येतो. हौदातील सांडपाणी म्हणजे गंगाजल नव्हे, हे खरे. दुर्गंधी त्यासही असते. पण त्यात क्रोमियम नसते.

१८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे एकस्व घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन याने ती रीत मद्रासेत रुजविली. आठवड्यांचे काम एकदोन दिवसांवर आले. ज्या कुटुंबाचे सारे भांडवल महिना महिना हौदात अडकून पडते, त्याने या स्पर्धेत कसे टिकावे?

शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कोल्हापुरात या धंद्यास उत्तेजन मिळाले, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. तथापि परंपरेचे गोडवे गाणाऱ्याने हेही विसरू नये की, ज्या हौदावर ती उभी राहिली, त्याच्या वाऱ्यालाही गाव उभे राहत नसे. १९२७ साली महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा वंशपरंपरेने गळ्यात पडलेल्या कामांचा प्रश्नच ऐरणीवर आला. मुलाने शाळा शिकून हौदाकडे पाठ फिरविली, तर त्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही.

कातड्याचा पुरवठाही आटला. महाराष्ट्रात २०१५ साली आणि कर्नाटकात २०२१ साली गोवंशहत्याबंदीचे कडक कायदे अंमलात आले. बैलाचे कातडे दुर्मिळ झाले; पुष्कळांस तयार कातडे बाहेरगावाहून आणावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी अथणी आणि निपाणीकडील घरांतून चप्पल होतच राहिली. तेथे वेणी विणण्याचे काम बहुतांशी बायकांच्या हातचे. म्हणूनच २०१९ साली जाहीर झालेले भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांस लाभले. पुढे जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने याच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा श्रेयावरून मोठा गदारोळ झाला. पण तो मुख्यतः घाटापुरताच राहिला.

आपण पुढच्या वेळी दुकानात जाल, तेव्हा जोड उलटा करून तळाची कापलेली कड पाहा. सालीत मुरलेले कातडे आतपर्यंत तपकिरी असते. क्रोमचे बहुधा आतून निळसर-करडे दिसते. मग भावासाठी घासाघीस करावयाची की नाही, ते ठरवा.