डार्करूमसाठी फिक्सरची निवड

डेव्हलपरमधून काढलेल्या फिल्मवर वा कागदावर प्रतिमा उमटलेली असते, पण ती टिकाऊ नसते. जिलेटिनच्या थरात प्रकाशसंवेदी सिल्व्हर हॅलाइड शिल्लक असते. ते विरघळवून काढणे हे फिक्सरचे काम. सोडियम थायोसल्फेटचा हा गुणधर्म जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये शोधला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्याआधीच हे रसायन 'हायपो' या नावाने रुळले होते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये बहुधा न्हाणीघराचीच डार्करूम होते. तेथे फिक्सरची निवड दोन गोष्टींवर ठरते : पाण्याचे तापमान आणि धुण्यासाठी मिळणारे पाणी.

फिल्मसाठी : प्रक्रियेचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानतात. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी त्याहून बरेच गरम असते. त्यात जिलेटिन फुगून मऊ पडते व ओरखडे उठतात. अशा वेळी तुरटीयुक्त, थर कठीण करणारा फिक्सर उपयोगी पडतो. कोडॅकच्या 'एफ-५' सूत्रात एक लिटर द्रावणासाठी २४० ग्रॅम हायपो, १५ ग्रॅम सोडियम सल्फाइट, २८ टक्के अॅसेटिक आम्ल ४८ मिलिलिटर, ७.५ ग्रॅम बोरिक आम्ल आणि १५ ग्रॅम तुरटी असते. सल्फाइट वगळल्यास आम्लामुळे गंधक सुटून द्रावण दुधाळ होते.

कागदासाठी : तुरटीमुळे धुण्यास अधिक वेळ व पाणी लागते. म्हणून कागदाला तुरटीविरहित, अमोनियम थायोसल्फेटचा रॅपिड फिक्सर सोयीचा. तीव्र द्रावणात फायबर कागदालाही सुमारे एक मिनिट पुरते. साध्या हायपोला पाच ते दहा मिनिटे लागतात. कागद जितका कमी वेळ बुडेल, तितके रसायन तंतूंत कमी मुरते.

चाचणी : फिल्मचा तुकडा ताज्या द्रावणात टाकून तो पारदर्शक होण्यास लागणारा वेळ मोजावा. त्याच्या दुप्पट वेळ फिक्सिंग करावे. पारदर्शक होण्याचाच वेळ दुप्पट झाला, की द्रावण बाद समजावे. वापरलेल्या द्रावणात चांदी असते व ती जलचरांना घातक असते. त्यामुळे ते मोरीत न ओतता साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावे.

फिक्सिंग अपुरे राहिल्यास कालांतराने डाग पडतात. हायपो नीट धुतला न गेल्यास प्रतिमेच्या चांदीचे सल्फाइड होऊन छायाचित्र पिवळे पडते. हे दोष काही वर्षांनी दिसू लागतात आणि तेव्हा ते दुरुस्त करणे अवघड असते.