तिरोड्याचा जनरल

मुंबईत मंत्रालयाच्या अंगानं, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या दारावरून जो रस्ता जातो, त्याचं नाव जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. फायली काखोटीला मारून त्या रस्त्यानं जाणाऱ्या शंभर माणसांना विचारा, हे जनरल कुठले? नव्वद जण शिवकाळातलं काहीतरी सांगतील. आमच्या घरात मात्र हे नाव पाळण्यातच कानावर पडायचं. कारण आमचे बापूआजोबा. वडिलांचे सख्खे काका, आझाद हिंद फौजेत डायवर होते आणि त्यांचा एक दावा होता: "जनरलाची गाडी मियां चलयली!"

या दाव्याबद्दल घरात दोन तट होते. बापूंच्या गोष्टीत गाडी दर वेळी बदलायची. कधी जपान्यांनी इंग्रजांकडून हिसकावलेली फोर्ड, कधी नुसता ट्रक, आणि गणपतीत चार पाहुणे जमले की लांबलचक काळी मोटार. आजी चुलीपुढून म्हणायची, "गेल्या वर्सा ट्रक होतो." बापू ऐकू न आल्यासारखं करून विडीची राख झाडत. माझं मत म्हणाल तर, एखाददुसऱ्या वेळी चालवलीही असेल. नसेल तरी बिघडत नाही.

जगन्नाथराव सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे, जन्म १९०६चा. वाडीच्या राजघराण्याच्या भाऊबंदांतले, असं आमच्याकडे सांगत. पोरवयात डेहराडूनच्या प्रिन्स ऑफ वेल्स मिलिटरी कॉलेजात गेले, तिथून विलायतेला सँडहर्स्टला. ज्या काळात आमच्याकडचा गडी मुंबईच्या गिरणीत लागला तरी गावाला दोन दिवस पुरेल एवढी बातमी व्हायची, त्या काळात तिरोड्याचा झील राजाच्या हातचं कमिशन घेऊन अधिकारी झाला. बापूंचे वडील म्हणे गुरं चारायला जाताना सांगत सुटायचे, "आपलो मनीस सायबांच्या पंगतीत जेवता." कोणी पाहिलं होतं? कोणी नाही. पण जेवत असणारच.

मग लढाई आली. आमच्या पट्ट्यात घराआड एक फौजी. मराठा पलटणीत, महार पलटणीत, नौदलात, नाहीतर बापूंसारखे सप्लाय कोरात. बापू मोटार चालवायला शिकले ते भरतीनंतर, तोवर बैलगाडी. मलायात गेले, आणि १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फेरर पार्कच्या मैदानावर हिंदी शिपायांना इंग्रजांनी जपान्यांच्या स्वाधीन केलं. चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं होती म्हणतात. बापू सांगत, गोरा अधिकारी कागद वाचून खाली उतरला आणि मागे न बघता निघून गेला, ते त्यांना सर्वांत जास्त लागलं. जपानी भाषण कोणाला कळलं नाही, तर्जुमा झाला तो मागं ऐकू आला नाही. बापू पुढच्याच्या तोंडाकडे बघून टाळ्या वाजवीत होते.

इथून पुढची गोष्ट बापू घाईघाईनं उरकत. कॅप्टन मोहनसिंगांची पहिली फौज झाली, वर्षाअखेर मोडली. पुन्हा बांधली तेव्हा लेफ्टनंट कर्नल भोसले तिच्या मुख्य माणसांत होते. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापुरात आले, आणि २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकार जाहीर झालं, त्यात फौजेचे प्रतिनिधी म्हणून भोसल्यांचं नाव होतं. पुढे मेजर जनरल. आणि बापू? "तुम्ही का गेलात हो फौजेत?" असं मी एकदा विचारलं. मला देशभक्तीचं उत्तर हवं होतं, शाळेत निबंध होता. बापू खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, एक तर सुभाषबाबूंना ऐकलं. दुसरं, जे गेले नाहीत त्यांना जपानी न्यू गिनीला मजुरीला नेत होते, तिथून माणूस परत येईल याचा भरवसा नव्हता. तिसरं, तिथं आपला मनीस जनरल होता. ही तीन कारणं त्यांनी याच क्रमानं सांगितली होती की उलट्या, हे आता आठवत नाही. निबंधात मी पहिलंच लिहिलं.

खाण्याचं मात्र बापू तपशिलानं सांगत. तांदूळ संपला तेव्हा सगळं सिंगापूर टॅपिओकाच्या कंदावर जगलं. उकडून, भाजून, पीठ करून. म्हणून एकादशीला आजीनं साबुदाण्याची खिचडी केली की बापू पान सरकवून ठेवीत. त्यांच्यासाठी वेगळी वऱ्याची पेज. साबुदाणा म्हणजे तोच कंद, हे आम्हाला बापूंमुळे कळलं. आजी म्हणायची, सुभाषबाबूंनी एवढं सगळं केलं, एक उपास मात्र मोडला.

त्या वर्षांत गावात काय चाललं होतं, ते आजी सांगायची. १९४२च्या शिमग्यानंतर बापूंची मनीऑर्डर बंद झाली. पोस्टमन लांबून दिसला की थोरली काकू, म्हणजे बापूंची बायको, परसात निघून जायची. तो न थांबता पुढे गेला की परत येऊन निमूट भात सडायला बसायची. कुंकू पुसा म्हणून एक-दोन शहाण्यांनी सुचवलं, तर माझ्या पणजीनं त्यांना वयलाकडचं लाकूड दाखवलं. १९४६ मध्ये बापू चालत घरी आले.

ते कसे सुटले, ते आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात शिकवतात. नोव्हेंबर १९४५, लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल, गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर खटला. भुलाभाई देसाई वकील, नेहरूंनीही बॅरिस्टरचा झगा चढवला. निवडणुका तोंडावर होत्या आणि देश पेटला होता. जन्मठेप झाली, पण सरसेनापती ऑकिन्लेकला ती जानेवारी १९४६ मध्ये माफ करावी लागली. पुस्तकात शिकवत नाहीत ते पुढचं. पकडून आणलेल्या शिपायांची इंग्रजांनी आधीच प्रतवारी केली होती: पांढरे, करडे, काळे. पांढरा तो फसला म्हणून निर्दोष, करडा वाहवला, काळा मनापासून गेला. काळ्यांना बडतर्फी, आणि कैदेतल्या वर्षांच्या पगारावर पाणी. बापू काळे. त्यांच्या कागदावर तसा शेरा होता, आणि तो कागद त्यांनी पेटीच्या तळाशी, काकूच्या लग्नातल्या शालूखाली ठेवला होता.

स्वातंत्र्य मिळाल्यावर तरी तो शेरा पुसायला हवा होता, असं तुम्हा-आम्हाला वाटणार. पुसला गेला नाही. शपथ मोडणाऱ्याला फौजेत परत घेतलं तर शिस्तीचं काय, असा सैन्यातल्या वरिष्ठांचा आक्षेप होता, आणि ज्यांनी झगा चढवला होता त्याच नेहरूंच्या सरकारनं १९४८ मध्ये ठरवलं की यांना सैन्यात परत घ्यायचं नाही. दुसरी सरकारी नोकरी करा, राजकारणात या, हरकत नाही. मला हा निर्णय कायद्यानं समजतो, पचत नाही.

राजकारणात मात्र खरंच घेतलं. १९५२ची पहिली निवडणूक. शाहनवाज खान मेरठहून, आणि रत्नागिरीतून आमचे जनरल. दोघेही काँग्रेसचे, दोघेही निवडून आले. रत्नागिरी जिल्हा तेव्हा पार आमच्या सावंतवाडीपर्यंत होता, आणि घराआड एक फौजी असलेल्या त्या मुलखात उमेदवाराचा लष्करी इतिहास ही काय चीज होती, ते वेगळं सांगायला नको. गंमत बघा. ज्या नोंदीपायी माणसाला बराकीचं दार बंद झालं, तीच नोंद त्याला संसदेत घेऊन गेली. लोकसभेच्या कामकाजात त्यांचं नाव 'श्री. जे. के. भोसले' असं छापलेलं आहे. जनरल नाही, मेजर नाही. आमच्याकडे त्यांना 'श्री.' कोणीच म्हटलं नाही.

त्या प्रचारात बापू दहा-बारा मैल चालत एका सभेला गेले होते. पुढं काय झालं, याच्या दोन गोष्टी आहेत. बापूंची अशी: त्यांनी गर्दीतून 'जय हिंद' म्हणून सॅल्यूट ठोकला, जनरलांनी ओळखून परत सॅल्यूट केला. आजीची अशी: "इतक्या माणसांत ह्येंका कोण वळाखतलो? सगळ्यांकाच हात केल्यान." मी दोन्ही खऱ्या मानतो.

निवडून आल्यावर जनरल पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीतल्या निर्वासितांचं ते खातं. आणि इथं या माणसाबद्दल मला खरा आदर वाटतो. लढाईच्या गोष्टींवर पुढची वीस वर्षं मतं मागता आली असती. त्यांनी हाती घेतली ती निर्वासितांची पोरं. १९५४ मध्ये दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनात त्यांनी कवायतीचे वर्ग सुरू केले, तीच राष्ट्रीय शिस्त योजना. आईबाप हरवलेल्या, रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांना ओळीत उभं करायचं, गाणी म्हणत कवायत करवायची. पुढे ती योजना शिक्षण खात्याकडे जाऊन देशभर पसरली, शेवटी राष्ट्रीय फिटनेस कोरमध्ये विरली. साठ-सत्तरच्या दशकात शाळेत गेलेल्या काहींना ते खाकीतले कडक शिक्षक आठवत असतील. माणसाची लष्करी नोकरी त्याला काय देऊन गेली, हे बघायचं तर त्याच्या पदकांपेक्षा ही कवायत जास्त बोलते. सँडहर्स्ट आहे तिच्यात, सिंगापूरही आहे.

आणि तरी १९५७ आली तेव्हा लष्करी इतिहासाची पुण्याई काँग्रेसला रत्नागिरीत पुरली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात रत्नागिरीची जागा जनसंघाच्या प्रेमजीभाई आशरांकडे गेली, राजापूरची नाथ पैंकडे. बापूंनी त्या वर्षी कोणाला मत दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. काकू मात्र म्हणायची, "ह्येंनी मुंबईक दिल्यानी." जनरल १९६३ मध्ये वारले. बापू त्या दिवशी जेवले नाहीत, हे मला माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं आठवतं, पण बहुधा ते आईनं सांगितलेलं असावं.

आमच्या शेजारी एक सुभेदार राहत. ते मराठा पलटणीतून इटलीत लढले. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे ज्या इटलीत जुलै १९४४ मध्ये कामी आले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवते झाले, त्याच आघाडीवर. त्याच महिन्यांत बापू ब्रह्मदेशात विरुद्ध बाजूला. सुभेदारांना पेन्शन, पदकं, दिवाळीला कॅन्टीनची रम. बापूंना काही नाही. आणि दोघे रोज संध्याकाळी आमच्या खळ्यात पानाचा डबा मधे ठेवून बसत. रमचा अर्धा भाग मुकाट्यानं बापूंकडे येई. त्यांचं भांडण झालेलं मी एकदाच पाहिलं, तेही आंब्याच्या कलमावरून. काकूनं एकदाच, सुभेदार गेल्यावर, विचारलं होतं, "तुमच्या जनरलान तुमका काय दिल्यान?" बापू म्हणाले, "हुकूम."

१५ ऑगस्ट १९७२ला, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केलं आणि त्यात आझाद हिंद फौजेतले धरले. महिना दोनशे रुपये. पुरावा मागितला. मग काकूनं शालूखालचा कागद काढला. जो शेरा पंचवीसेक वर्षं लपवला, तोच आता दाखला ठरला. 'बडतर्फ' लिहिलेलं असलं तरच माणूस खरा! कचेरीच्या चकरा झाल्या त्या झाल्याच, मुंबईला असलेल्या एका साथीदाराचा जबाब लागला, पण मिळालं. पहिल्या पैशांत बापूंनी माजघरावर मंगळुरी कौलं घातली. सुभेदार शिडी धरून उभे होते.

राजकारण्याच्या लष्करी नोकरीचा हिशेब आज निवडणूक आली की निघतो. पोस्टरवर गणवेशातला फोटो येतो, विरोधक त्यातल्या तारखा तपासतात. तपासाव्यात, हरकत काय! पण जनरल भोसल्यांच्या नोंदीत राजाची शपथ आहे, शरणागती आहे, ती शपथ सोडणं आहे, बंदिवास आहे, मंत्रिपद आहे आणि निर्वासित पोरांची कवायत आहे. यातलं सोयीचं एक पान फाडून घेणाऱ्यानं तो माणूस वाचलेला नाही. आणि जनरलाच्या नोंदीमागं डायवरांच्या नोंदी असतात. त्यांना मतदारसंघ नसतो.

१९९७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं आझाद हिंद फौजेच्या ९९० फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवल्या. त्या बघायला मिळतात. तुमच्या घरात असा कोणी बापू, अण्णा, तात्या होऊन गेला असेल, तर पेटीतला कागद आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पावसाळ्याआधी. त्याची प्रत काढा. आणि ज्यांना गाडीची गोष्ट अजून आठवते ती म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून ती लिहून घ्या, ट्रकही लिहा आणि काळी मोटारही.