उल्मपर्यंत आणि उल्मपासून

मे महिन्यातला एखादा रविवार. धरणाच्या पाण्यावर तासाभरासाठी प्लॅस्टिकची कयाक भाड्याने घ्यायची, लाइफ जॅकेट अडकवायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारत मधोमध जायचं आणि जीव मुठीत धरून फोन बाहेर काढायचा. आपल्यातल्या बऱ्याच जणांची कयाकशी ओळख एवढीच. कुठे पोहोचायचं नसतं, पलीकडून काही आणायचंही नसतं. अशा होडीतून उन्हाळी भटकंती करायची ही टूम साधारण एकशे साठ वर्षांपूर्वी युरोपात पसरली. ती पसरवणारा माणूस होता जॉन मॅकग्रेगर.

मॅकग्रेगर पेशाने वकील, वंशाने स्कॉटिश. पाण्याशी त्याची गाठ पडली तीच मुळी भयंकर. १८२५ साली, अवघ्या पाच आठवड्यांचा असताना, तो आईवडिलांबरोबर ‘केंट’ नावाच्या जहाजावर होता. वडील फौजेत अधिकारी आणि जहाज सैनिक घेऊन हिंदुस्थानकडे निघालेलं. बिस्केच्या उपसागरात, ऐन वादळात, जहाजाला आग लागली. जवळून जाणाऱ्या एका लहान जहाजामुळे पाचशेहून अधिक माणसं वाचली, त्यात हे तान्हं बाळही होतं. हाच मुलगा पुढे चाळिशीत एकटाच होडी घेऊन निघाला.

ते साल १८६५. त्याने लंडनमध्ये एक होडी बांधून घेतली: ओकच्या फळ्यांची, १५ फूट लांब, जेमतेम सव्वादोन फूट रुंद, वजन सुमारे ८० पौंड. वरचा भाग झाकलेला, मध्ये एका माणसापुरती जागा. सामान म्हणून एक छोटी काळी पिशवी. होडीचं नाव ‘रॉब रॉय’. टेम्समधून निघून तो युरोपात उतरला आणि मग म्यूज, ऱ्हाईन, डॅन्यूब, स्वित्झर्लंडची सरोवरं, मोझेल, मार्न असं करत सेन नदीतून पॅरिसपर्यंत गेला. डॅन्यूबमध्ये तो उगमाजवळ डोनाउएशिंगेनला उतरला आणि उल्म शहरापर्यंत वल्हवत आला. तिथे होडी बाहेर काढून त्याने ती चक्क रेल्वेवर चढवली.

मला या सगळ्या प्रवासात ही रेल्वेच सर्वांत महत्त्वाची वाटते. नदी उथळ झाली की तो होडी गवतावरून ओढत नेई, कधी बैलगाडीत टाके. पण एका नदीच्या खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उडी मारायला आगगाडी लागायची. होडी हे सामान धरायचं की नाही, यावर रेल्वेच्या लोकांशी त्याची हुज्जतही होई. रूळ नसते तर ही सहल एका उन्हाळ्यात मावलीच नसती. आणि दुसरी गोष्ट लागायची ती म्हणजे मोकळा उन्हाळा. तो मॅकग्रेगरकडे होता. इंग्लंडमध्ये बँक हॉलिडेचा कायदा झाला १८७१ साली, आणि त्यातूनही मिळाल्या त्या वर्षाकाठी मोजक्या सुट्ट्या. गिरणीतल्या माणसाने हे प्रवासवर्णन वाचलं असेलही, पण तो निघणार कधी?

पुस्तक मात्र तुफान चाललं. १८६६ साली मॅकग्रेगरच्या पुढाकाराने कनू क्लब निघाला, पुढे त्याला ‘रॉयल’ हे बिरुदही मिळालं. १८७६ मध्ये तरुण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन एका मित्राबरोबर अशाच होड्या घेऊन बेल्जियम-फ्रान्सच्या कालव्यांमधून हिंडला. त्याचं पहिलं पुस्तक त्यातूनच आलं.

‘रॉब रॉय’चा झाकलेला वरचा भाग आणि दोन पात्यांचं वल्हं मात्र लंडनमध्ये सुचलेलं नव्हतं. ते आर्क्टिकमधल्या लोकांचं. ग्रीनलंडचे इनुइट कयाक बनवत ती सीलच्या शिकारीसाठी. त्या मुलखात झाडं नाहीतच म्हणायची. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणायचं. कातडं शिवायचं काम बायकांचं. टाका असा घालायचा की पाणी आत येता कामा नये, कारण एक टाका चुकला तर नवरा किंवा मुलगा परत येणार नाही. कयाकची मापं शिकाऱ्याच्या अंगावरून घेतलेली असत. सतराव्या शतकात डेन्मार्कच्या जहाजांनी ग्रीनलंडची काही माणसं त्यांच्या कयाकसह जबरदस्तीने कोपनहेगनला नेली. त्यांच्यातल्या काहींनी त्याच कयाकमधून समुद्रमार्गे घरी पळून जायचा प्रयत्न केला. मॅकग्रेगरला पाण्यावर स्वातंत्र्य सापडलं, असं आपण सहज म्हणून जातो, तेव्हा मला ही माणसं आठवतात.

या कथेत शिवणकाम पुन्हा एकदा येतं. १९०५ साली म्युनिकमध्ये आल्फ्रेड हॉइरिश या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने काठ्या आणि कापडाची, घडी करून पिशवीत भरता येईल अशी कयाक बनवली. तिचे हक्क १९०७ मध्ये घेतले रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने. आता होडीवरून रेल्वेशी भांडायची गरज उरली नाही. पिशवी पाठीला लावायची आणि गाडीत बसायचं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत अशा होड्यांचा सुळसुळाट झाला, आणि ज्याला फक्त रविवार मोकळा होता असा माणूसही नदीवर दिसू लागला.

मग मंदी आली. आता प्रत्येक दिवस रविवारच होता, पण खिशात काही नव्हतं. हँबर्गचा ऑस्कर स्पेक हा पंचविशीतला तरुण विजेच्या कामांची कंत्राटं घेई. त्याचा धंदा बुडाला. १९३२च्या मे महिन्यात तो आपली घडीची कयाक घेऊन उल्मला आला, म्हणजे जिथे मॅकग्रेगरने डॅन्यूब सोडली होती तिथेच, आणि पाण्यात उतरला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल अशी आशा होती. त्याला पोहता येत नव्हतं म्हणतात.

सायप्रसला पोहोचल्यावर तो थांबला नाही. सीरिया, युफ्रेटिस नदी, इराणचा किनारा, कराची, आणि मग हिंदुस्थानचा पश्चिम किनारा धरून खाली सिलोनपर्यंत. म्हणजे हा गडी आपल्या कोकणासमोरूनही वल्हवत गेला. कुठल्या बंदरावरच्या कोळ्यांनी त्याला पाहिलं असेल, काय म्हटलं असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करतो. दोन माणसांच्या होडीत एकटा बसलेला, उन्हाने भाजलेला गोरा, आणि होडी कापडाची! पुढे ब्रह्मदेश, मलाया, आजचा इंडोनेशिया. वाटेत मलेरिया झाला, होड्या फाटल्या, बदलल्या.

१९३९च्या सप्टेंबरमध्ये, सात वर्षांनी, तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या साइबाई बेटावर उतरला. युद्ध नुकतंच सुरू झालं होतं आणि तो जर्मन. काठावर उभ्या पोलिसांनी त्याचं कौतुक केलं आणि ताब्यात घेतलं. युद्ध संपेपर्यंत तो छावणीत होता; मध्ये एकदा पळालाही, पण पकडला गेला. सुटल्यावर तो ऑस्ट्रेलियातच राहिला, ओपल रत्नांना पैलू पाडू लागला, पुढे त्यांचा व्यापारी झाला. त्याची कागदपत्रं आणि वाटेत काढलेले फोटो आज सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहेत.