रुआन लिंगयू आणि तिच्याबद्दल बोलणारे

चिनी भाषेत ‘शेन्न्यू’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक देवी. दुसरा अर्थ चारचौघांत उच्चारायचा नसतो, म्हणून त्यावर देवीचं पांघरूण घातलेलं: वेश्या. १९३४ साली शांघायच्या लियानहुआ कंपनीने याच नावाचा मूकपट काढला. त्याच्या नायिकेला चित्रपटभर नावच नाही. रात्री रस्त्यावर उभी राहून ती मुलाला वाढवते, शाळेत घालते.

त्यात शाळेच्या कार्यक्रमाचा एक प्रसंग आहे. मुलगा मंचावर गातोय, आई प्रेक्षकांत बसून कौतुकाने बघतेय. तिला ओळखणारी एक बाई शेजारणीच्या कानाला लागते. ती शेजारीण पुढच्या बाईच्या. कॅमेरा त्या कुजबुजीबरोबर रांगेतून सरकत जातो. मूकपट असल्यामुळे काय बोललं गेलं ते आपल्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू यायची गरजही पडत नाही. आई मात्र अजून मुलाकडेच बघत असते.

या आईचं काम करणारी रुआन लिंगयू तेव्हा २४ वर्षांची होती. पुढच्या मार्च महिन्यात तिने आत्महत्या केली. त्यानंतर आजवर तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं त्या रांगेतच बसून लिहिलेलं आहे.

माझं रोजचं काम म्हणजे कुठल्या मजकुरावर किती लोकांनी क्लिक केलं, किती वेळ थांबले, कुणाला पुढे पाठवलं, याची मोजदाद करणाऱ्या यंत्रणा बांधणं. त्या तक्त्यांत वाचकसंख्येचा रकाना असतो, वेळेचा असतो, शहराचा असतो. मजकूर खरा की खोटा याचा रकाना नसतो. त्यामुळे १९३५च्या शांघायमधली ही गोष्ट वाचताना मला ती जुनी वाटली नाही.

मोलकरणीची मुलगी

रुआनचा जन्म २६ एप्रिल १९१०चा, शांघायचा. कुटुंब मूळचं दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतातलं. वडील तेल कंपनीत मजूर होते. ती सहा वर्षांची असताना गेले. आई श्रीमंत घरांत मोलकरीण म्हणून राबू लागली. आईने पदरमोड करून मुलीला शाळेत घातलं. ‘शेन्न्यू’तल्या आईची धडपड रुआनने लहानपणी रोज घरी पाहिली होती, एवढं तरी म्हणता येईल.

आई ज्या झांग कुटुंबात कामाला होती, तिथल्या एका मुलाशी, झांग दामिनशी, तिचं नातं जुळलं. सोळाव्या वर्षी ती त्याच्याबरोबर राहू लागली. मोलकरणीची मुलगी सून म्हणून त्या घराला चालणारी नव्हती, त्यामुळे रीतसर लग्न झालं नाही. दामिनला जुगाराचा नाद होता. घर चालवायला कुणीतरी कमावणं भाग होतं. १९२६ साली ती मिंगशिंग या मोठ्या चित्रपट कंपनीत गेली आणि दिग्दर्शक बू वानत्सांगने तिला थेट नायिका केलं. त्या पहिल्या चित्रपटाचं नाव होतं ‘नावापुरते नवरा-बायको’. पुढच्या वर्षी तो पडद्यावर आला.

खरी संधी १९३० साली लियानहुआ कंपनीत मिळाली. तोवर चिनी पडद्यावर तलवारबाजीच्या आणि भुताखेतांच्या चित्रपटांची चलती होती. लियानहुआला शिकलेला शहरी प्रेक्षक हवा होता, आजच्या माणसांच्या गोष्टी हव्या होत्या. अमेरिकेत शिकून आलेल्या सुन यूने तिला घेऊन ‘रानफूल’ काढला. त्यातलं एक गाणं रुआन आणि तिचा नायक जिन येन यांनी तबकडीवर गायलं. चिनी सिनेमाच्या पहिल्या गाण्यांत त्याची गणना होते. चित्रपट आज उपलब्ध नाही. तिने पडद्यावर उच्चारलेला एकही संवाद आपल्याकडे नाही, कारण तिची सगळी कारकीर्द मूकपटांतच गेली.

हे जरा विचित्र वाटेल, कारण १९३१ साली चीनमध्ये बोलपट आला होता. त्याची नायिका हू दिए. १९३३ साली वाचकांच्या मतदानात ‘चित्रपटांची राणी’ ठरलेलीही तीच. पण बोलपटाची यंत्रं महाग, सगळ्या थिएटरांना न परवडणारी. त्यात शांघायच्या माणसाची बोली बीजिंगच्या माणसाला कळत नाही आणि ग्वांगडोंगच्या माणसाची दोघांनाही नाही. मूकपट सगळ्यांना समजत असे. त्यामुळे हॉलिवूडने मूकपट सोडल्यावरही शांघायमध्ये ते पाच-सहा वर्षं निघत राहिले, आणि त्यातले सर्वांत चांगले याच शेवटच्या काळातले आहेत.

फिल्मसारखी नटी

‘शेन्न्यू’ हा वू योंगगांगचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. त्याआधी तो सेट उभारायचा, आणि ते जाणवतं. चित्रपटातल्या खोलीत मोजक्या वस्तू आहेत: भिंतीवर लटकवलेले झगझगीत कपडे, तान्ह्या मुलाची दुधाची बाटली. बाईचे दोन्ही धंदे एका खोलीत.

पोलिसांपासून पळताना ती एका गुंडाच्या खोलीत शिरते. तो पोलिसांना परतवतो आणि त्याची किंमत मागतो. इथे रडारड करायला भरपूर वाव होता. रुआन टेबलावर बसते, सिगारेट मागते, पेटवते. चेहऱ्यावर तिरस्कार आहे, थकवा आहे आणि हिशेबही आहे: आजची रात्र अशी जाणार, उद्या मुलाला दूध मिळणार. पुढे तो गुंड तिचा मालकच होऊन बसतो. एका दृश्यात कॅमेरा त्याच्या फाकलेल्या पायांमागे ठेवलाय, आणि त्या पायांच्या कमानीतून आपल्याला जमिनीवर मुलाला कवटाळून बसलेली आई दिसते. शाळेतल्या कुजबुजीनंतर पालकांची तक्रारपत्रं जातात, मुलाला काढून टाकतात. त्याची बाजू घेणारे मुख्याध्यापक राजीनामा देतात. लपवून ठेवलेले पैसे गुंडाने चोरलेत हे कळल्यावर ती त्याच्या डोक्यात बाटली घालते. बारा वर्षांची शिक्षा होते. भेटायला आलेल्या मुख्याध्यापकांना ती सांगते, मुलाला सांगा की आई मेली.

वू योंगगांगने पुढे तिची तुलना प्रकाशाला चटकन प्रतिसाद देणाऱ्या फिल्मशी केली. चार वर्षांनी त्याने हीच कथा बोलपटात पुन्हा काढली, हू दिएला घेऊन. चर्चा आजही मूकपटाचीच होते.

‘नव्या स्त्रिया’

फेब्रुवारी १९३४मध्ये आय शिया नावाच्या तरुण नटीने आत्महत्या केली. ती लेखिकाही होती, स्वतः लिहिलेल्या चित्रपटात तिने काम केलं होतं. तिच्या मरणानंतरही वर्तमानपत्रांनी तिच्या खासगी आयुष्याची चिरफाड चालूच ठेवली. तिच्यावरून स्फुरून दिग्दर्शक त्साय चूशेंगने ‘नव्या स्त्रिया’ काढला आणि नायिकेचं काम रुआनला दिलं.

नायिका वेई मिंग शिक्षिका आहे, लेखिका आहे, एकटी आई आहे. एक श्रीमंत माणूस तिच्या मागे लागतो; ती नकार देते, तर नोकरी जाते. मुलगी आजारी पडते, औषधाला पैसे नाहीत. तिला नाडणाऱ्यांत एक बातमीदारही आहे. शेवटी ती विष घेते आणि दवाखान्यात पडलेली असतानाच तिच्या बदनामीची बातमी छापून येते. ते कळल्यावर तिला जगायचं असतं. मूकपटातली पाटी एरवी एका जागी स्थिर असते, पण इथे ‘मला जगायचंय’ ही अक्षरं पडद्यावर मोठी होत जातात. ती वाचत नाही.

चित्रपट फेब्रुवारी १९३५च्या सुरुवातीला लागला. शांघायच्या पत्रकार संघटनेला तो झोंबला. बातमीदारांची दृश्यं काढा, माफी मागा, अशी मागणी झाली. चित्रपटांची प्रसिद्धी त्याच वर्तमानपत्रांच्या हातात. लियानहुआने कात्री लावली आणि माफी मागितली. नटीला मात्र माफी मागून सुटता येणार नव्हतं. तिच्याबद्दल छापायला पत्रकारांकडे माल तयार होता.

झांग दामिनपासून ती वेगळी झाली होती. १९३३ साली वकिलांमार्फत करार झाला: दोन वर्षं दरमहा १०० युआनपर्यंत रक्कम तिने त्याला द्यायची. ती तोवर चहाचा बडा व्यापारी तांग जिशानबरोबर राहत होती, दत्तक मुलगी आणि आईसह. तांग विवाहित होता. कराराची मुदत संपत आली तशी दामिनने कोर्टाची वाट धरली. मालमत्ता बळकावल्याचे आणि व्यभिचाराचे आरोप केले. जिच्याशी त्याच्या घराने लग्न होऊ दिलं नाही, तिच्यावरच व्यभिचाराचा खटला. ९ मार्च १९३५ला तिने कोर्टात उभं राहायचं होतं, आणि ते बघायला शांघाय येणार होतं.

८ मार्चला ती गेली. ‘नव्या स्त्रिया’ लागून पाच आठवडेही झाले नव्हते. ती तारीख जागतिक महिला दिनाची होती, हे प्रत्येक लेखात येतं.

दोन पत्रं, आणि आणखी दोन

अंत्ययात्रेला एक लाखाहून जास्त लोक होते असं तेव्हाच्या बातम्या सांगतात. या गर्दीतल्या कित्येकांनी महिनाभर तीच वर्तमानपत्रं विकत घेतली असतील. मला यात ढोंग दिसत नाही. माणसं दोन्ही गोष्टी मनापासून करतात.

तिने मागे ठेवलेली म्हणून दोन पत्रं छापली गेली. त्यांत दामिनला दोष होता आणि लोकांच्या बोलण्याची भीती होती. ‘लोकांच्या जिभेला भ्यावं’ हा अर्थ सांगणारी एक फार जुनी चिनी म्हण त्यात आहे. तेव्हापासून ती म्हण आणि रुआन यांची जोडीच झाली. पत्रं जगापुढे आली ती तांग जिशानकडून. पण १९३५ सालीच एका लहान नियतकालिकात वेगळीच पत्रं छापली गेली. त्यांत तांगच्याच वागण्याबद्दल गंभीर तक्रार होती. ती बराच काळ विस्मरणात गेली, पुन्हा सापडली, आणि खरी कुठली यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

माझ्या कामात एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या निघाल्या, तर कुणी, कधी, काय बदललं याची नोंद तपासता येते. इथे नोंद नाही, आणि जिला विचारायचं ती नाही. आपल्याकडे हंसा वाडकरांनी ‘सांगत्ये ऐका’मध्ये आपली गोष्ट आपण सांगितली. पटो न पटो, सांगणारी ती आहे. रुआनच्या बाबतीत तिचे शेवटचे शब्दसुद्धा दोन पुरुषांच्या भांडणातला पुरावा होऊन बसलेत.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात लू शुनने यावर निबंध लिहिला. वर्तमानपत्रं तेव्हा म्हणत होती, आमच्यात कुठे एवढी ताकद की कुणाचा जीव जावा? लू शुनचं म्हणणं थोडक्यात असं: बलवानापुढे वर्तमानपत्र दुबळं असतं हे खरं, पण स्वतःहून दुबळ्या माणसापुढे ते बलवानच असतं. आणि नटीइतकी सोयीची दुबळी व्यक्ती कोण? नाव सगळ्यांना ठाऊक, पाठीशी कुणी नाही. निबंध नव्वद वर्षांचा झाला. वर्तमानपत्राच्या जागी फोन घातला की बाकी काही बदलावं लागत नाही.

जे उरलं ते

तिने जवळपास तीस चित्रपट केले. त्यातले एक तृतीयांशाच्या आसपासच आज बघता येतात. नायट्रेटची फिल्म पेट घेते, कुजते. शिवाय मध्ये युद्ध झालं. शांघायमधली तिची कबरसुद्धा सांस्कृतिक क्रांतीत उरली नाही. ‘प्रेम आणि कर्तव्य’ (१९३१) हा चित्रपट कायमचा गेला असंच धरलं होतं. १९९०च्या दशकात त्याची प्रत सापडली ती थेट दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेमध्ये. आता तो तैवानच्या चित्रपट संग्रहालयाने दुरुस्त करून जपला आहे. त्यात रुआन शाळकरी मुलीपासून खंगलेल्या म्हातारीपर्यंत जाते, आणि त्या म्हातारीच्या मुलीचं कामही तीच करते. हे केलं तेव्हा ती विशीतच होती.

१९९१ साली हाँगकाँगच्या स्टॅनली क्वानने तिच्यावर चित्रपट काढला. तिचं काम मॅगी चेऊंगने केलं आणि पुढच्या वर्षी बर्लिनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला. क्वानने मध्येमध्ये चित्रीकरण थांबवून नटांशी गप्पा दाखवल्या, रुआनबरोबर काम केलेल्या वृद्ध सहकाऱ्यांच्या मुलाखती घातल्या, आणि मॅगीच्या दृश्याला जोडून जिथे आहे तिथे मूळ रुआनचं दृश्य ठेवलं. जिथे मूळ हरवलंय, तिथे ते हरवलंय हे सांगितलं. ‘खरी रुआन अशी होती’ असा दावा तो करत नाही. मला तिच्याबद्दल बोलण्याची ही रीत सर्वांत सभ्य वाटते.

तिचं नाव इंटरनेटवर शोधलं की आधी मरण येतं, मग दोन पुरुष, मग पत्रं. चित्रपट खाली कुठेतरी. हा क्रम कुण्या दुष्ट माणसाने लावलेला नाही. लोकांनी जे जास्त उघडलं ते वर आलं, आणि वर आलं म्हणून आणखी उघडलं गेलं. तो मोडायचा साधा उपाय आहे. ‘शेन्न्यू’ इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो, दीड तासाच्या आतला आहे, चिनी येण्याची गरज नाही. त्या टेबलावर बसून सिगारेट पेटवणाऱ्या बाईकडे नीट बघा. तिथे पत्र नाही, वकील नाही, बातमीदार नाही. ती आपलं काम करतेय, आणि ते तिला फार चांगलं येतं.