वर्गणीची पेटी आणि सहा टिंबें

भंडारा रोड स्टेशन सोडून गाडी पुढें निघाली कीं एखादे वेळीं डब्यांत एक आंधळा गवई येतो, दोन अभंग म्हणतो आणि हात पुढें करतो. आपल्यापैकीं बहुतेकांनीं त्या हातावर कधींना कधीं नाणें ठेवलें असेल. ठेवतांना मनाला बरें वाटतें, आणि पुढचें स्टेशन येईपर्यंत आपण तें विसरूनही जातों. अंधाविषयींचें आपलें कर्तव्य शतकानुशतकें एवढ्यावरच थांबलें होतें. त्याच पैशांतून अंधाच्या हातीं पुस्तक कसें येऊं लागलें, हें आज सांगावयाचें आहे.

सरकारनें अंधांची मोजदाद मात्र पुष्कळ आधीं सुरू केली होती. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांच्या खानेसुमारींत अंधांचा वेगळा रकाना असे. म्हणजे त्या वेळच्या मध्यप्रांतांतील भंडारा जिल्ह्यांतले, वैनगंगेच्या कांठचे आणि तळ्यांच्या पाण्यावर भात पिकविणाऱ्या गांवांतले अंधही कागदावर आलेले होते. देवी, खुपऱ्या आणि बालपणची उपासमार यांनीं पोरांचे डोळे जात, मोतीबिंदूनें म्हाताऱ्यांचे. रकाना भरणाराला पुढें काय करावयाचें, हें कोणीच सांगितलें नव्हतें.

आपल्या महाराष्ट्रांत पहिली हालचाल झाली ती १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाच्या सुमारास. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं १९०० सालीं मुंबईस अंध मुलांसाठीं शाळा काढली. श्रीमती कमला मेहता यांचें नांव लाभलेली दादरची मुलींची अंधशाळा ती हीच. दोनच वर्षांनीं, १९०२ मध्यें, ताडदेवला राणी व्हिक्टोरियाच्या स्मरणार्थ दुसरी अंधशाळा निघाली. स्वतः दृष्टि गमावलेले डॉ. नीलकंठराय छत्रपति यांनीं त्या शाळेसाठीं आपलें आयुष्य वेंचलें आणि देशी भाषांसाठीं ब्रेल लिपीची एक मांडणीही तयार केली.

येथें थोडें थांबलें पाहिजे. लुई ब्रेल या अंध फ्रेंच तरुणानें १८२९ सालीं आपली लिपि प्रसिद्ध केली. तिचें सगळें भांडवल म्हणजे सहा टिंबें. त्यांच्या जुळणींतून ६३ खुणा होतात. हातानें लिहावयाचें तर जाड कागद पाटींत अडकवून टोचणीनें उजवीकडून डावीकडे टिंबें टोचावीं लागतात, कारण कागद उलटल्यावर वाचणाराच्या बोटाला तीं डावीकडून उजवीकडे लागलीं पाहिजेत. प्रत्येक अक्षर आरशांतल्यासारखें उलटें काढावयाचें! एक टिंब चुकलें तर अक्षर बदलतें. असें एक पाठ्यपुस्तक पुरें व्हावयास कित्येक संध्याकाळीं खर्ची पडतात, आणि एवढें करून प्रत निघते ती एकच. शाळेची इमारत वर्गणीनें उभी राहते. पुस्तकाला मात्र कोणाचे तरी हात लागतात.

आणि हे हातही वायां जात होते. कलकत्त्यास लालबिहारी शाह यांची ब्रेल वेगळी, मुंबईस नीलकंठरायांची वेगळी, उत्तरेकडे शेरिफ यांची वेगळी, म्हैसुराकडे आणखी निराळी. एका शाळेंत कष्टानें टोचलेलें पुस्तक दुसऱ्या शाळेंतल्या बोटांना परकें. हा ज्याचा त्याचा अभिमान अंधांना फार महाग पडला. माझ्या मतें पैशाच्या टंचाईनेंही तेवढें नुकसान झालें नसेल. अखेर १९५१ सालीं सर्व भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल ठरली, आणि त्याच वर्षीं देहराडूनला ब्रेलचा मध्यवर्ती छापखाना सुरू झाला. हाताच्या एका प्रतीच्या जागीं अनेक प्रती निघूं लागल्या.

मधल्या काळांत शाळा वाढत होत्या. पुण्यास १९३४ सालीं डॉ. शंकरराव माचवे यांनीं अंधशाळा काढली; नागपुरांत ब्लाइंड रिलीफ असोसिएशननें अंध विद्यालय चालविलें. गॅलिपोलीच्या रणांत डोळे गमावलेल्या सर क्लुथा मॅकेंझी यांच्या हातून १९४४ चा सरकारी अहवाल तयार झाला. त्यांत देशांतील अंधांची संख्या वीस लाख धरली होती. मूठभर शाळा आणि वीस लाख माणसें! १९५२ सालीं मुंबईंत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. ज्यांची फलंदाजी पाहावयास मैदानें भरत, त्या विजय मर्चंट यांनीं या संस्थेसाठीं वर्षानुवर्षें लोकांपुढें हात पसरला. सप्टेंबरांतल्या ध्वजदिनीं शाळेंतलीं मुलें कागदी झेंडे विकूं लागलीं. लहानपणीं मीही अशी पेटी घेऊन दारोदार फिरलों आहें. एका घरीं माझ्या पेटींत पैसे टाकणाऱ्या गृहस्थांनीं विचारलें, "याचें पुढें काय होतें रे?" मला सांगतां आलें नाहीं.

भंडाऱ्याहून नागपूर साठ-बासष्ट किलोमीटर. डोळस माणसाला हें अंतर कांहींच नव्हे. पण लाखांदूर-पवनीकडच्या एखाद्या आईला आपलें न दिसणारें सात वर्षांचें पोर वसतिगृहांत ठेवून परत फिरावयाचें असतें, तेव्हां तें फार लांब होतें. घरीं ठेवावें तर अक्षर नाहीं, पाठवावें तर मांडी सुटते. तिनें छाती घट्ट करून पाठविलें, तर त्या मुलाला शाळेंत अक्षर मिळेल. पुढें अवांतर पुस्तक कोणी वाचून दाखवावयाचें, हा प्रश्न उरतोच. आतां बोलकीं यंत्रें आलीं आहेत, ध्वनिमुद्रित पुस्तकेंही मिळतात. देवीचा रोग तर १९७५ नंतर आपल्या देशांत कोणाला झालाच नाहीं.

परंतु शालान्त परीक्षेंत अंध मुलगा उत्तर सांगतो आणि तें कागदावर उतरावयास अजून लेखनिक लागतो. हा लेखनिक परीक्षार्थीपेक्षां खालच्या इयत्तेंतला घेण्याची रीत आहे, म्हणजे दहावीच्या मुलासाठीं बहुधा नववींतला. स्वतःची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असतांना त्यानें तीन-तीन तास दुसऱ्याचें उत्तर लिहावयाचें. आपल्याला माहीत असलेलें त्यांत घालावयाचें नाहीं, आणि त्यानें सांगितलेलें गाळावयाचें नाहीं. फेब्रुवारी उजाडला कीं अंध मुलांचे शिक्षक अशा मुलांच्या शोधांत घरोघर जातात. त्यांच्या हातांत पेटी नसते.