जागेला विचारून उभी राहणारी वास्तू



मंदिरामागील मोकळ्या जागेत भक्तनिवास उभारण्याचा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. काम केव्हा सुरू होणार, अशी विचारणा देणगीदारांकडून वारंवार होत असते आणि ती स्वाभाविक आहे. तथापि कल्पना सुचल्यापासून पायाची पहिली कुदळ पडेपर्यंतचा काळ वाया जातो, हा समज आम्हांस मान्य नाही. इमारतीचे बरेवाईट त्याच काळात ठरते. म्हणून या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम हे याचे उत्तम उदाहरण होय. 1936 साली महात्मा गांधी शेगाव या खेड्यात राहावयास आले. (बुलढाण्याच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊ लागल्याने 1940 मध्ये त्याचे सेवाग्राम झाले.) तेथील पहिल्या घराचा, म्हणजे आदि निवासाचा, आराखडा होण्यापूर्वीच अटी ठरल्या होत्या. खर्च 500 रुपयांपलीकडे जाऊ नये, साहित्य आसपासचे असावे आणि कारागीर गावचेच असावेत. आज ज्याला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबेन यांची कुटी होती. मातीच्या भिंती, लाकूड-बांबूचा सांगाडा, वर कवेलूंचे उतरते छप्पर. भिंतींवरील मातीची उठावाची चित्रे मीराबेन यांच्या हातची आहेत. पुढे 1978 मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवाग्राम येथील आपल्या भाषणात याच कुटीचा संदेश जगापुढे मांडला.

येथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी मर्यादा ठरली, मग साहित्य, आणि शेवटी आकार. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. शहरातून तयार नकाशा येतो, जागा त्याला साजेल अशी सपाट केली जाते आणि आड येणारे झाड तोडले जाते.

गांधीजींचा आणखी एक विचार वास्तुविशारद लॉरी बेकर आवर्जून सांगत असत. आदर्श घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे, असा तो विचार. बेकर यांनी केरळात त्यानुसार दीर्घकाळ काम केले. विटा आडव्या न ठेवता उभ्या ठेवून आत पोकळी राखण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. तिने विटांची सुमारे चतुर्थांश बचत होते आणि पोकळीतील हवेमुळे उष्णता आत कमी शिरते.

स्थानिकतेचा अर्थ केवळ माती असा मात्र नव्हे. आपल्याच राज्याच्या राजधानीत, भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचे भारत भवन आहे. त्याचे उद्घाटन 1982 मध्ये झाले. बांधकाम आधुनिक असले तरी उतारावर इमारत चढविण्याऐवजी ती उतारातच बसविली आहे. अभ्यागत गच्च्या आणि अंगणांतून पायऱ्या उतरत तलावाकडे जातो व दालने त्या गच्च्यांखाली असतात. टेकडीचा उतार हाच तेथे मूळ आराखडा ठरला.

आता आपल्या जागेविषयी. बालाघाटात वैशाखात पारा 42 अंशांपलीकडे जातो आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस येतो. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेची भिंत तापवते; त्या बाजूस खोल्या न ठेवता ओसरी, जिना किंवा कोठार ठेवणे शहाणपणाचे. दक्षिणेच्या खिडकीवर पुरेसे पाखे असल्यास उन्हाळ्यातील डोक्यावरचा सूर्य अडतो, हिवाळ्यातील तिरपे ऊन मात्र आत येते. हे कागदावरही कळते. परंतु पाणी कोठून वाहते आणि कोठे तुंबते, हे पावसाळ्यातच कळते. म्हणून एक पूर्ण पावसाळा जागेची पाहणी व्हावी, पाण्याच्या वाटा खुंट्या ठोकून आखल्या जाव्यात, झाडे आणि विहीर नकाशावर घ्यावी, मातीची तपासणी व्हावी, असे आमचे मत आहे. जोत्याची उंची त्यानंतरच ठरावी.

बांबू हे आपल्या जिल्ह्याचे वैभव. 2017 च्या कायदादुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतावरील बांबू वापरणे सुकर झाले आहे. मात्र तो तीन वर्षांहून जुना असावा, पावसाळ्यात न तोडता थंडीत तोडावा आणि बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवावा. नाहीतर भुंगा त्याचे पीठ करतो. आपले बुरूड आणि जुने सुतार यांना आराखड्याच्या बैठकीतच बोलवावे. नकाशा पक्का झाल्यावर त्यांना बोलावण्यात अर्थ नाही.

काही उत्साही मंडळी संपूर्ण मातीच्या इमारतीचा आग्रह धरतात. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही एक गोष्ट सांगावी लागते. 22 मे 1997 रोजी जबलपूर परिसरात 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि जबलपूर-मंडला भागातील असंख्य मातीची व विटांची घरे पडली वा तडकली. शेकडो यात्रेकरू झोपणार असलेल्या इमारतीत दरवाजांच्या डोक्याच्या पातळीवर चोहोबाजूंनी लोखंडी सळ्यांचा सलग पट्टा असलाच पाहिजे, तेथे काटकसर नको. न्हाणीघरे व शौचालये पक्क्या विटांचीच हवीत. खोल्यांच्या भिंती, ओसऱ्या आणि छप्पर यांत मात्र माती, चुना, कवेलू व बांबू यांना भरपूर वाव आहे. मातीच्या भिंतीला दरवर्षी लिंपण लागते. तो खर्च देणगीतून न भागवता ट्रस्टच्या वार्षिक अंदाजपत्रकात धरावा लागेल.

मंजुरीपूर्वी एका भिंतीचा नमुना आवारात बांधून तो पावसात कसा टिकतो हे पाहावे, अशी सूचना आम्ही मंडळापुढे ठेवली आहे. तोवर कोणत्याही कंत्राटदारास आगाऊ रक्कम देऊ नये, हेही त्यात नमूद आहे. जागेचा कच्चा नकाशा ट्रस्ट कार्यालयात लावलेला असून पूर्वी त्या जागेत पाणी कोठवर चढत असे, हे ज्येष्ठ भाविकांनी त्यावर खूण करून दाखवावे, ही विनंती.

— सचिव, विश्वस्त मंडळ