विनातिकीट कोड

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, ऑफिस अर्धं रिकामं. बिलिंगच्या कोडमध्ये मला एक विचित्र 'इफ' सापडला. महिन्याची ३१ तारीख असेल तर एक दिवस मागे जा. का? कोणालाच माहीत नाही. हिस्टरी काढली, तर चेंजखाली तीनच शब्द: 'फिक्स फॉर ४१२७'.

४१२७ शोधायला गेलो तर कळलं, मधल्या काळात कंपनीने ट्रॅकर बदललाय आणि जुना सर्व्हर केव्हाच बंद झालाय. नव्या ट्रॅकरमध्ये ४१२७ होतं, पण ते लॉगिन पानावरच्या लोगोबद्दल! मी शहाणपणा करून तो 'इफ' उडवला. महिनाअखेरीला एका जुन्या ग्राहकाला दोनदा बिल गेलं आणि ४१२७ कशासाठी होतं ते सगळ्यांना एकदम कळलं.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. कोडमधला बदल आणि त्यामागचं कारण यांची गाठ बांधायची कल्पना कुठून आली?

तर मंडळी, ती चांगलीच जुनी आहे. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंडने एससीसीएस लिहायला घेतलं. त्यात एक सोय होती. ती चालू केली की बदल जमा करताना ते विचारायचं, 'एमआर्स?' एमआर म्हणजे मॉडिफिकेशन रिक्वेस्ट, आपल्या तिकिटाची आजी. नंबर खरा आहे का ते तपासणारा प्रोग्रॅमही जोडता यायचा. आज आपण कमिट हुक लावून हेच करतो आणि वर प्रेझेंटेशन देतो!

पुढे १९८६ मध्ये डिक ग्रूनचं सीव्हीएस आलं आणि गंमत झाली. सीव्हीएस प्रत्येक फाइलचा हिशोब वेगळा ठेवायचं. एका बगसाठी पाच फाइली बदलल्या की पाच सुट्या नोंदी. १९९८ मध्ये बगझिला आलं, पण ते एका घरात आणि कोड दुसऱ्या घरात. मधला निरोप्या म्हणजे कॉमेंटमध्ये हाताने लिहिलेला नंबर. लिहिला तर लिहिला.

२००४ मध्ये सबव्हर्जन १.० आलं. अख्ख्या कमिटला एकच नंबर मिळाला. त्याच सुमारास आलेल्या ट्रॅकमध्ये '#' पुढे नंबर लिहिला की सरळ तिकिटाची लिंक तयार. ट्रॅकला प्रेरणा मिळाली ती रिचर्ड हिपच्या सीव्हीएसट्रॅकवरून. हा हिप म्हणजे एसक्यूलाइटवाला.

२००५ मध्ये श्लिव्हेर्स्की, झिमरमन आणि झेलर या तिघांनी इक्लिप्स आणि मोझिलाची सीव्हीएस हिस्टरी बगझिलाशी जुळवली आणि कोणत्या बदलाने बग घुसवला ते शोधलं. बदल किती मोठा आणि कोणत्या वारी केला, याचा त्याच्याशी संबंध दिसला. पेपरच्या शीर्षकातच शुक्रवारला चिमटा काढलाय. मी वाचलं आणि गप्प बसलो.

पण असं संशोधन उभं असतं ते कुणीतरी कंटाळा न करता लिहिलेल्या नंबरावर. २००९ मध्ये बर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बरेच फिक्स कुठल्याच बगशी जोडलेले नसतात, आणि कोणते जोडले जातात हेही समान प्रमाणात ठरत नाही. म्हणजे निष्कर्षही एका बाजूला कलणार.

आता गिटहबवर 'फिक्सेस #१२' लिहिलं की कमिट मुख्य ब्रँचमध्ये गेल्यावर तिकीट आपोआप बंद होतं. छानच आहे. पण नंबर म्हणजे नुसती किल्ली. कपाटच भंगारात गेलं तर किल्लीचं काय करणार? कोड ट्रॅकरपेक्षा जास्त जगतो, हे मी दोनदा गेलेल्या बिलातून शिकलो.

एससीसीएस 'एमआर्स?' विचारून थांबत नसे. लगेच दुसरा प्रश्न यायचा: 'कॉमेंट्स?' पन्नास वर्षांपूर्वीचं ते टूल दोन्ही विचारत होतं. आपण पहिल्याचं उत्तर देतो आणि घरी जातो. परवा एक कमिट करताना नंबरापुढे एक वाक्य जास्त लिहिलं. पंधरा सेकंद लागले.

असो. दिवस मंगळवारचा होता.